हँड प्रेस आणि व्हाइससाठी न डुलणारं वर्कबेंच कसं बांधावं?

फिरकी

नमस्कार मंडळी,

मी घरी दुरुस्तीची बारीकसारीक कामं करते. शिलाई मशीन, टेबल फॅनच्या मोटारी, सायकलचे हब. बेअरिंग आणि बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती धातूची नळी) काढायला-बसवायला आजवर हातोडी आणि पाइपचा तुकडा वापरत होते. आता एक टनाचा हँड प्रेस घेतला आहे, दात्याच्या दांड्याचा, बाजूच्या हँडलने खाली दाबायचा. जोडीला चार इंची व्हाइस, म्हणजे काम जबड्यात घट्ट धरायचा शिकंजा.

दोन्ही सध्या एका जुन्या लिहायच्या टेबलावर बोल्टने बसवलेत. टेबल तसं दणकट आहे. त्यावर उभी राहून मी बल्ब बदलते, जरासुद्धा कुरकुर नाही. पण प्रेसचं हँडल ओढलं की अख्खं टेबल माझ्याकडे झुकतं, आणि व्हाइसमध्ये काही धरून कानस मारायला घेतली की डावी-उजवीकडे डुलायला लागतं. कानस सरळ चालतच नाही.

तेव्हा आता कामासाठीच वेगळं बेंच करायचं ठरवलंय. जागा १५० × ६० सेंमी, भिंतीला लागून. घर भाड्याचं असल्यामुळे भिंतीत भोकं पाडता येणार नाहीत, आणि घर बदललं तर बेंच सोडवून नेता आलं पाहिजे. हत्यारं: ड्रिल, हातकरवत, रंधा, तीन पटाश्या, काटकोन तपासायचा गुण्या. वेल्डिंग येत नाही. उभी राहून काम करते, कोपर जमिनीपासून ९८ सेंमीवर येतं.

लाकूड घ्यावं की लोखंड? वरची फळी किती जाड? उंची किती ठेवू? आणि हे डुलणं थांबवायला नेमकं काय लागतं?

जुना रंधा

फिरकी, शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, म्हणून आधी तोच घेतो.

टेबलावर माणूस उभा राहिला की भार सरळ पायांतून जमिनीत उतरतो. उभा भार सोसायला फारसं काही लागत नाही, साधं स्टूलही तो सोसतं. बेंचचा कस लागतो तो आडव्या ओढीत. कानस, करवत, रंधा, प्रेसचं हँडल, सगळी कामं आडवी ढकलणारी. आणि चार पाय व वर फळी एवढंच असेल तर आडव्या ओढीत ते उभं राहतं फक्त सांध्यांच्या जोरावर. तुमच्या जुन्या टेबलाचे पाय चांगलेच असणार, सांधे थकलेत.

खात्री करायची असेल तर पाय आणि आडवी पट्टी जिथे मिळतात तिथे बोट असं ठेवा की अर्धं पायावर, अर्धं पट्टीवर येईल. कुणाला तरी टेबल हलवायला सांगा. डोळ्यांना दिसणार नाही इतकी हालचालसुद्धा बोटाला लगेच कळते. असे सगळे सांधे चाचपून बघा, दोषी कोण ते दोन मिनिटांत समजेल.

आता हिशेब बघा. आडवी पट्टी ५ सेंमी रुंद आहे आणि सांध्यात फक्त अर्धा मिलिमीटर सैलपणा आहे असं धरा. ८० सेंमी उंचीवर, म्हणजे फळीपाशी, त्याचे ८ मिमी होतात. पट्टी १५ सेंमी रुंद असेल तर तेवढ्याच सैलपणाचे फळीपाशी ३ मिमीसुद्धा होत नाहीत. लोक पाय चार-चार इंचाचे करतात आणि पट्ट्या मात्र दोन-अडीच इंची लावतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं, कारण पैसा आणि लाकूड दोन्ही नको त्या जागी गेलेलं असतं. पाय ७५ × ७५ मिमी भरपूर झाले. उरलेलं लाकूड पट्ट्यांच्या रुंदीत घाला.

मी असं बांधेन:

डाव्या आणि उजव्या बाजूच्या दोन चौकटी कायमच्या जोडून टाका. प्रत्येकीत दोन पाय, वर एक पट्टी, खाली जमिनीपासून १५ सेंमीवर दुसरी. पायात खाच, पट्टीच्या टोकाला कुसू, म्हणजे त्या खाचेत शिरणारी जीभ, आणि भरपूर गोंद. पटाशी हाताशी आहे, जमेल. घाई मात्र करू नका. कुसू हाताच्या दाबाने आत जाईल, पण पट्टी उलटी धरली तर निसटणार नाही, इतका घट्ट हवा. हातोडीने ठोकावा लागत असेल तर खाच फाटण्याची भीती. गोंद ओला असतानाच चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. सारखे भरले की चौकट काटकोनात.

या दोन चौकटींना जोडणाऱ्या लांब पट्ट्या मात्र बोल्टने बसवा, म्हणजे बेंच सोडवता येईल. वरच्या दोन १५ सेंमी रुंद, खालच्या दोन १२ सेंमी, जाडी ३५ मिमी. पट्टीचं टोक पायात सेंटिमीटरभर खोल खाचेत बसू द्या. बाहेरून पायातून आरपार एम १० (१० मिमी जाडीचा) बोल्ट, तो पट्टीच्या टोकातून लांबीच्या दिशेने १०-१२ सेंमी आत जाईल. पट्टीच्या आतल्या अंगाने चौकोनी खिडकी कोरून तिथे वॉशर आणि नट. रुंद पट्टीला असे दोन बोल्ट, एकावर एक, ८-९ सेंमी अंतराने. इथे भार लाकूड लाकडावर टेकून घेतं, बोल्टाचं काम फक्त आवळून धरायचं. त्यामुळे पट्टीचं टोक गुण्याला चोख हवं. टोक तिरकं असेल तर कितीही आवळा, सांधा एका कडेवरच टेकणार.

लाकडात आडवा स्क्रू मारून हा सांधा करता येतो असं बरेच जण सांगतील. पट्टीच्या टोकात रेषांच्या दिशेने शिरलेला स्क्रू लाकडाला नीट धरत नाही. खुर्चीला चालेल. कानशीला नाही.

आणि मागच्या बाजूला, पायांच्या मधल्या जागेत, १२ मिमी प्लायचा सबंध तुकडा स्क्रूने लावा, दर १५ सेंमीला एक. चौकोन ढकलला की कलंडतो, पण त्यात पत्रा किंवा फळी भरली की कलंडायला जागाच उरत नाही. लांबीच्या दिशेचं तुमचं डावी-उजवीकडचं डुलणं या एका प्लायने जवळजवळ संपेल. प्लाय नको असेल तर तिथे २५ × ५ मिमीच्या दोन लोखंडी पट्ट्या फुलीसारख्या तिरक्या लावा. एकच लावलीत तर ती एका दिशेला ताणून धरेल, उलट दिशेला पातळ पट्टी वाकून जाईल. म्हणून दोन.

हे झालं डुलण्याचं. तुम्ही सांगितलेलं दुसरं, पुढे झुकणं, हा निराळा आजार आहे आणि तो सांध्यांनी बरा होत नाही.

हँडल उभं असताना ओढलं तर ओढ पूर्ण आडवी, तुमच्याकडे. हाताची उंची जमिनीपासून साधारण १२० सेंमी. ओढ १५ किलोची धरली तर पुढच्या पायांभोवती बेंच उलटवणारा जोर १५ × १२०, म्हणजे १८००. बेंच ६० सेंमी रुंद, त्याचं वजन पुढच्या पायांपासून सरासरी ३० सेंमी मागे. म्हणजे बेंच ६० किलोपेक्षा हलकं असेल तर मागचे पाय उचलले जाणार. वर सांगितलेलं बेंच फळीसकट ५५-६० किलोच्या आसपास भरेल. म्हणजे अगदी काठावर.

उपाय दोन. खालच्या पट्ट्यांवर फळ्या टाकून फडताळ करा आणि भिंतीकडच्या बाजूला कोरड्या वाळूची बंद पेटी ठेवा. २५ लिटर वाळू जवळपास ४० किलो. ती पुढच्या पायांपासून ४५ सेंमी मागे असेल तर ४० × ४५ = १८००, म्हणजे १५ किलोची ओढ ती एकटीच थोपवते. घर बदलताना वाळू ओतून टाकली की झालं.

दुसरा उपाय याहून चांगला आणि फुकटचा. जोर लागतो तो प्रेसचा दांडा बेअरिंगला टेकल्यावर. त्या क्षणी हँडल उभं असेल तर ओढ आडवी जाते, आडवं असेल तर सरळ खाली जमिनीत. तेव्हा कामाखाली सपाट लोखंडी ठोकळे अशा उंचीचे ठेवा की दांडा टेकेल तेव्हा हँडल जवळजवळ आडवं, तुमच्याकडे तोंड करून आलेलं असेल. शिवाय त्या स्थितीत हातावर अंगाचं वजन टाकता येतं, खांदाही दुखत नाही.

फळी: १८ मिमीचे दोन प्लाय गोंदाने एकमेकांवर चिकटवून ३६ मिमी. लाकूड कुठलंही चालेल, पुरतं वाळलेलं, सरळ रेषांचं आणि गाठी नसलेलं. सागच हवा असं अजिबात नाही.

लोहकाम

जुना रंधा यांचं लाकडाचं गणित पटलं. तरी मी लोखंडाची बाजू मांडतो, कारण ज्याला कुसू कोरायचा सराव नाही त्याला लोखंड सोपं पडू शकतं.

४० × ४० × २ मिमीचा चौकोनी पाइप घ्या. बाजूच्या दोन चौकटी वेल्डिंगवाल्याकडून करून घ्या, लांब दांड्यांच्या टोकांना ६ मिमीच्या पट्ट्या वेल्ड करून घ्या आणि त्या चौकटींना बोल्ट करा. ओल बदलली म्हणून हा सांगाडा सैल होत नाही. वेल्डिंगनंतर चौकट सपाट जागेवर ठेवून बघाच. गार होताना लोखंड ओढलं जातं आणि एक पाय हवेत राहतो. चांगला कारागीर आधी सगळीकडे टाके मारतो, मोजतो, आणि मग वेल्ड भरतो.

एक कळकळीने सांगतो. भोकाभोकांचे रॅकचे अँगल मिळतात, त्यांचं बेंच करू नका. सामान ठेवायला ते उत्तम आहेत, पण प्रत्येक सांधा म्हणजे बोल्ट आणि मोकळं भोक. हँडल ओढलं की सगळे एकदम सरकतात. करायचंच झालं तर प्रत्येक कोपऱ्यात त्रिकोणी पत्रा हवा.

लोखंडी सांगाड्यालाही मागचा प्लाय लावा. ताठपणा येतो आणि आवाजही बसतो. पोकळ पाइपावर कानस मारली की सगळं बेंच झणझणतं, आणि ते कानाला त्रास देणारं असतं.

फिरकी

दोघांचेही खूप आभार. बोटाने सांधे तपासले. पुढचे दोन्ही सांधे चक्क श्वास घेतल्यासारखे उघडझाप करतात! लाकडाचंच करायचं ठरवते, कुसू कोरायला शिकायचंच आहे.

तीन शंका. दोन प्लाय स्क्रूने जोडले तर चालतील का, गोंद कशाला? माझ्याकडचा एक प्लाय किंचित वाकलाय, तो वापरू का? आणि प्रेस फळीवर नेमका कुठे? मोटारीचा शाफ्ट लांब असला की प्रेसच्या बैठकीखालून बाहेर यायला जागा लागते.

कानस

उंचीबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहिते.

कानस मारताना व्हाइसचे जबडे कोपराच्या उंचीवर हवेत. जबडे खाली असतील तर पाठ वाकते. वर असतील तर कानस गोल फिरते आणि कड सपाट होण्याऐवजी मधे फुगीर होते. चार इंची व्हाइस फळीपासून साधारण १५ सेंमी उंच असतो, तुमचा मोजून घ्या. कोपर ९८ सेंमी, म्हणजे फळी ८३ सेंमीवर. पायात नेहमी जे घालून काम करता ते घालून मोजा, तिथेच एक-दोन सेंमीचा फरक पडतो.

बारीक कामाला, म्हणजे शिलाई मशीनचे सुटे भाग लावायला, ८३ सेंमी कमी पडेल. तुम्ही मान घालून बसाल. त्यासाठी सगळं बेंच उंच करू नका. १५ सेंमी उंचीचा छोटा चौरंग करून फळीवर ठेवा, काम झालं की खाली ठेवून द्या. फळीचा दर्शनी काठ थोडा बाहेर काढलात तर त्याला क्लॅम्पने पकडताही येईल.

व्हाइस डाव्या पुढच्या पायाच्या बरोब्बर वर बसवा, फळीच्या मधोमध कधीच नाही. मधोमध फळी ढोलासारखी उडते आणि अर्धा जोर तिथेच जातो. आणि आतला जबडा, जो हलत नाही तो, फळीच्या काठाच्या किंचित बाहेर येऊ द्या. मगच लांब पट्टी उभी धरता येते, नाहीतर ती खाली फळीच्या काठाला अडते.

उजेडाचंही आत्ताच ठरवा. उजव्या हाताने काम करत असाल तर दिवा डावीकडून, नाहीतर हाताची सावली खुणेवरच पडते.

जुना रंधा

कानस यांचं उंचीचं सगळं बरोबर आहे, तसंच करा.

आता शंका. ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. दोन प्लाय नुसते एकमेकांवर ठेवले तर वाकताना ते एकमेकांवर सरकतात, आणि ताठपणा एकाच्या दुप्पट. गोंदाने एकजीव केले तर आठपट. लाकूड तेवढंच, खर्च तेवढाच, फरक फक्त गोंदाचा. स्क्रूने सरकणं थोडं कमी होतं, थांबत नाही.

गोंद सगळ्या पृष्ठभागावर पसरा, मधे ठिपके टाकून भागणार नाही. दातेरी पट्टीने पसरलात तर थर सारखा बसतो. दोन माणसं लागतात, कारण पांढरा गोंद उष्ण हवेत फार वेळ देत नाही. काठांना क्लॅम्प, मधल्या भागात खालून स्क्रू, रात्रभर तसंच. हे सगळं सपाट जागेवर करा, कारण वाळताना खालचा आकार जसा असेल तसा तो कायमचा धरला जातो. ओबडधोबड फरशीवर ठेवलात तर फळी जन्मभर पिळलेली राहील.

किंचित वाकलेला प्लाय चालतो. दुसऱ्याचाही बाक बघा आणि दोन्ही फुगीर बाजू समोरासमोर ठेवून चिकटवा, म्हणजे ते एकमेकांना सरळ करतात. पिळलेला असेल, म्हणजे एकच कोपरा उचललेला, तर मात्र फळीला नको, बेंचच्या मागच्या बाजूला लावायला वापरा.

मधले स्क्रू गोंद वाळल्यावर काढून टाका. पुढे कधी भोक पाडायला जाल आणि ड्रिलचा दात नेमका त्यावर जाईल. पुढच्या काठाला घट्ट लाकडाची पट्टी लावा, प्लायचा उघडा काठ सर्वांत आधी झिजतो. वर ३-४ मिमीचा हार्डबोर्ड न चिकटवता चार बारीक स्क्रूंनी बसवा. तेल, ग्रीस, घाव सगळं तो सोसेल आणि खराब झाला की बदलता येईल.

प्रेस उजव्या पुढच्या पायाजवळ ठेवा, पण अगदी पायावर नको, कारण त्याखाली भोक लागणार. बैठकीच्या फटीच्या खाली फळीत ५० मिमीचं आरपार भोक पाडा. शाफ्ट त्यातून खाली उतरेल. खाली एक डबा टांगून ठेवा, निघालेला बुश जमिनीवर घरंगळत जाणार नाही. भोक पाडण्याआधी फळीखालची पट्टी कुठून जाते ते बघून घ्या.

प्रेस दाबताना टनभर जोर कुठे जातो, याची अनेकांना भीती असते. तो प्रेसच्या ओतीव सांगाड्यातच राहतो, वरून दात्याचा दांडा आणि खालून बैठक. बेंचला कळतो तो फक्त तुमच्या हाताचा जोर. पण हँडल तुमच्या बाजूला बैठकीच्या बरंच बाहेर येत असल्यामुळे तो प्रेस पुढच्या कडेवर टेकून मागून उचलायला बघतो. म्हणून मागच्या बोल्टांवर लक्ष. लाकडी स्क्रू नकोत. फळीतून आरपार एम १० बोल्ट, आणि खाली सुट्या वॉशरऐवजी दोन्ही मागचे बोल्ट घेणारी एकच ५ मिमी जाड लोखंडी पट्टी. सुटा वॉशर हळूहळू प्लायमध्ये रुतत जातो आणि बोल्ट सैल होतात.

सांगाड्याला जवसाचं तेल लावायचा विचार असेल तर एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. तेलाने भिजलेला चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना तापतं आणि बोळ्यात उष्णता कोंडून तो आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या मोकळ्या हवेत एकेक पसरून वाळवा, किंवा पाण्यात बुडवून ठेवा. घरात लहान मुलं असोत नसोत, यात ढिलाई नको.

लोहकाम

पायाखाली काय लावणार, फिरकी? फरशी उंचसखल असेल तर लोक जाड रबराचे बूट लावतात. जाड मऊ रबर स्वतःच दबतं आणि सुटतं, त्यामुळे इतकी मेहनत करून थांबवलेलं डुलणं तिथून परत येतं. ३ मिमीचं कडक रबर चिकटवा, घसरत नाही आणि दबतही नाही. जो पाय अधांतरी राहील त्याच्याखाली पातळ लाकडी किंवा पत्र्याची चीप. स्क्रूचे पाय लावायचे असतील तर जाड, आणि कमीत कमी बाहेर काढलेले.

फिरकी

चीपच लावते. लाकूड उद्या मागवते आहे. बाजूच्या चौकटींपासून सुरुवात करते, आणि आधी टाकाऊ तुकड्यावर दोन-तीन कुसू करून बघते. बोल्टचे सांधे पुन्हा कधी आवळायचे?

जुना रंधा

पहिल्या महिन्यात आठवड्याला एकदा पाना लावून बघा. नवं लाकूड घरात आल्यावर आणखी थोडं वाळतं, आक्रसतं, आणि नट चांगला अर्धा फेरा आत जातो. पुढे हवामान पालटेल तेव्हा, पावसाळी दमट हवा सरून कोरडी हवा आली की एकदा. आवळताना वॉशर लाकडात रुतायला लागला की थांबा, त्यापुढे लाकूड चिरडतं आणि सांधा उलट सैल होतो.

सरावाचे कुसू त्याच लाकडाच्या तुकड्यावर करा ज्याचं बेंच करणार आहात. मऊ लाकडावर बसलेला हात घट्ट लाकडावर चुकतो. पटाशीला आधी धार लावा. पहिली चौकट झाली की कर्णांची मापं इथे टाका, फरक दोन मिमीपेक्षा जास्त आला तर गोंद सुकायच्या आत कसा काढायचा ते सांगतो. म्हणून चौकट जोडायच्या दिवशी आधी इथे कळवा.